जागरण: कोणाला सोसते, कोणाला नाही

आपल्याकडे जागरणाला मोठा मान आहे. कोजागरीच्या रात्री लक्ष्मी 'को जागर्ति' असे विचारीत फिरते आणि जो जागा असेल त्याच्यावर प्रसन्न होते, असे आपण लहानपणापासून ऐकतो. खंडोबाचे जागरण पहाटेपर्यंत चालते, सप्ताहात वीणेकरी रात्रीचा पहारा देतो. त्यामुळे जो जागतो तो निश्चयाचा आणि जो पेंगतो तो आळशी, असे आपण धरूनच चाललो आहोत. परीक्षा जवळ आली की वसतिगृहातही हाच न्याय लागतो. परंतु एकच जागरण दोघांना सारखे बाधत नाही, आणि या फरकाचा मोठा वाटा उपजत असतो. मी कलाशाखेची विद्यार्थिनी, प्रयोगशाळा मला बाहेरूनच ठाऊक. मानसशास्त्राच्या निमित्ताने हा विषय हाती आला आणि सोडवेना.

आधी झोप का येते ते पाहू. १९८२ साली झुरिचच्या अलेक्झांडर बोरबेली यांनी मांडले की झोपेवर दोन गोष्टींची सत्ता चालते. एक म्हणजे जागेपणी साठत जाणारा झोपेचा भार. मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचे द्रव्य दिवसभर वाढते आणि झोपेत ओसरते, त्याचा या भाराशी संबंध आहे. कॉफी-चहातले कॅफिन या द्रव्याच्या जागा अडवून बसते. म्हणजे चहा झोपेचे देणे फेडीत नाही, तगादा करणाऱ्याला दारात थोपवून धरतो, इतकेच. दुसरी गोष्ट म्हणजे शरीरातले दिवस-रात्रीचे घड्याळ. पहाटे तीन-चारला पापण्या जड होतात आणि उजाडल्यावर, रात्रभर डोळा लागलेला नसूनही, जरा हुशारी वाटते ती या घड्याळामुळे.

आता माणसामाणसांतला फरक. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील संशोधकांनी २००४ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. २१ निरोगी माणसांना ३६ तासांचे जागरण तीन वेगवेगळ्या वेळी घडविले. जो पहिल्या वेळी ढेपाळला तोच पुढेही ढेपाळला, जो तगला तो पुढेही तगला. मग २०१२ साली जुळ्यांवरचा अभ्यास आला. एकाच बीजातून जन्मलेल्या जुळ्यांच्या ५९ जोड्या आणि साध्या जुळ्यांच्या ४१ जोड्या ३८ तास जाग्या ठेवल्या. परीक्षा अगदी साधी: समोर खूण दिसली की बटण दाबायचे. एकबीज जुळ्यांची जनुके सारखीच, साध्या जुळ्यांची सरासरीने निम्मी समान. तेव्हा पहिल्या प्रकारच्या जोड्यांत साम्य फार अधिक निघाले, तर ते आनुवंशिक मानावे लागते. तसेच निघाले. जागरणाने होणाऱ्या चुकांतील फरकाचा सुमारे ८३ टक्के भाग आनुवंशिकतेकडे गेला.

हे वाचताना मला अण्णा आठवले. माझे वडील साखर कारखान्यात कामगार आहेत. गळीत हंगामात पाळी बदलत राहते. त्यांच्याबरोबरचे एक काका रात्रपाळीत पहाटेपर्यंत ताजेतवाने असतात, अण्णांना मात्र चारच्या सुमारास उभ्याउभ्या डुलकी येते. एकदा त्यापायी दिवसाची मजुरी कापली गेली आणि चारचौघांत 'झोपाळू' हे नाव मिळाले, ते वेगळेच. अण्णांइतका कष्टाळू माणूस मी पाहिलेला नाही. यात मुलीचा पक्षपात असेलही, पण बटणाच्या त्या परीक्षेत कष्टाळूपणा मोजला जात नाही.

मग असे एखादे जनुक सापडले आहे काय? इथे उत्साह आवरला पाहिजे. इंग्लंडमधील सरे विद्यापीठाने २००७ साली 'पेर-३' या घड्याळ-जनुकाविषयी लिहिले. त्यातला एक तुकडा काहींत चारदा, काहींत पाचदा येतो. आईबापांकडून दोन्ही लांब प्रती मिळालेली माणसे जागरणानंतर पहाटे अधिक अडखळली. पुढच्या सर्व अभ्यासांत मात्र हा फरक तितका स्पष्ट दिसला नाही. २००९ साली कॅलिफोर्नियात यिंग-हुई फू यांच्या गटाला एका आई व मुलीत 'डेक-२' जनुकातील बदल आढळला. दोघींना सव्वासहा तासांच्या आसपास झोप पुरे. तोच बदल उंदरांत घडविला तर उंदीरही कमी झोपले. पण २०२२ साली ब्रिटनमधील सुमारे १ लाख ९० हजार लोकांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा कमी झोपेशी जोडलेले असे बदल असणारे लोक इतरांहून कमी झोपतात असे दिसले नाही. बहुधा अनेक जनुकांचा थोडाथोडा हात असावा. तेव्हा 'मला चार तास पुरतात' असे ऐटीत सांगणाऱ्यांनी लगेच जनुकांचा हवाला देऊ नये.

त्या ऐटीविषयी आणखी एक गोष्ट. २००३ साली पेनसिल्व्हेनियातच काही जणांना १४ दिवस रोज सहाच तास झोपू दिले. अखेरीस त्यांच्या चुका अख्खी रात्र जागलेल्या माणसाइतक्या झाल्या होत्या, परंतु आपल्याला फारशी झोप येत नाही असेच ते सांगत होते. म्हणजे आपल्याला जागरण सोसते की नाही, हे ठरवायला आपणच फार विश्वासाचे साक्षीदार नाही.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. म्हणून पहिल्या वर्षी सर्वांचा एकच उपदेश असे, रात्र-रात्र जागून अभ्यास कर. हल्ली मी साडेनऊला निजते आणि पहाटे पाचला पुस्तक उघडते. खोलीतली मैत्रीण दोनपर्यंत वाचते. जास्त अभ्यासू कोण, यावरून आमचा वाद आता होत नाही. दिव्यावरून होतो.