इटलीत क्रियापद पूर्ण उच्चारावं

फ्लोरेन्स : इटालियन माणूस बोलताना 'मी', 'तू' क्वचितच म्हणतो. 'पार्लो' म्हणजे मी बोलतो, 'पार्ली' म्हणजे तू बोलतोस, 'पार्ला' म्हणजे तो किंवा ती बोलते. कर्ता शेवटच्या स्वरातच बसलेला असतो. तो स्वर गिळला, तर कोण बोलतंय हेच कळत नाही.

आघाताचंही तसंच. 'पार्लो'मधला जोर 'पार्'वरून 'लो'वर गेला, की अर्थ होतो 'तो बोलला'; लिहिताना त्या ओवर तिरकी रेघ येते. जोर बहुधा शेवटून दुसऱ्या अक्षरावर असतो, पण 'ते फोन करतात' या अर्थाच्या 'तेलेफोनानो'त तो 'ले'वर, म्हणजे शेवटून चौथ्यावर पडतो. द्वित्वाकडेही दुर्लक्ष चालत नाही : 'कादे' म्हणजे पडतो, 'काद्दे' म्हणजे पडला. अक्षरं तोडताना द्वित्व मधोमध फुटतं, लेज्-जे-रे (वाचणे). मात्र स पुढच्या व्यंजनाला सोडत नाही, का-पि-स्को (मला समजतं).

मूळ रूपं तीन गटांत : आरे, एरे, इरे. 'चेर्कारे' म्हणजे शोधणे. 'तू शोधतोस' म्हणताना इ जोडल्यावर कचा च होऊ नये, म्हणून लिहिताना मध्ये एच घालतात आणि 'चेर्की' म्हणतात. 'विंचेरे' म्हणजे जिंकणे. इथे उलट लेखन तसंच राहून ध्वनी बदलतो : विंको, विंची.

क्रियापदं घडवायची सोयही मोठी. 'कोप्रिरे' झाकणे, आधी स लावला की 'स्कोप्रिरे', शोध लावणे. 'रोस्सो' म्हणजे लाल, त्यावरून 'आर्रोस्सिरे', लाजून लाल होणे. नवी क्रियापदं बहुतेक आरे गटातच येतात. संगणकाबरोबर 'क्लिक्कारे' असंच आलं.

याच फ्लोरेन्समध्ये 1583 साली आकादेमिया देल्ला क्रुस्का ही भाषासंस्था स्थापन झाली; तिचा कोश 1612 मध्ये निघाला. तरी 1861 मध्ये देश एक झाला तेव्हा जेमतेम अडीच टक्के लोक इटालियन बोलत, असा तुल्लियो दे माउरो या भाषाभ्यासकाचा अंदाज होता. बाकीच्यांच्या तोंडी प्रांतोप्रांतीच्या बोली होत्या. शाळा, स्थलांतर, रेडिओ आणि 1954 पासूनची दूरचित्रवाणी यांनी ही भाषा घरोघरी नेली. बोलींची छाप मात्र आजही उच्चारात ऐकू येते.

इटालियन शिकणाऱ्या मराठी वाचकांना एवढंच सांगणं : क्रियापदांचे तक्ते मनात घोकू नका, मोठ्याने म्हणा. जोर नेमका द्या, द्वित्व ठासून उच्चारा आणि शेवटचा स्वर कधीही गिळू नका.