पदनाम, कौशल्य आणि वेतन : ‘ॲनॅलिटिक्स इंजिनिअर’ या नव्या व्यवसायाचा विचार

काम आधी उत्पन्न होते आणि त्याचे नाव मागाहून रूढ होते, असे व्यवसायांच्या इतिहासात वारंवार दिसून येते. ‘ॲनॅलिटिक्स इंजिनिअर’ हे पदनाम याचे अलीकडील उदाहरण होय. अमेरिकेतील संगणक-व्यवसायात ते सुमारे २०१९ पासून प्रचारात आले. मराठीत त्यास ‘विश्लेषण-अभियंता’ म्हणता येईल.

पूर्वी विक्री, ग्राहक, देयके इत्यादींच्या नोंदींवर माहिती-भांडारात साठविण्यापूर्वीच संस्कार करावे लागत. कारण भांडारातील जागा व गणनशक्ती ही दोन्ही महाग होती. हे काम अभियंते करीत, आणि विश्लेषक तयार कोष्टकांवरून अहवाल सिद्ध करीत. २०१३ मध्ये ॲमेझॉनचे ‘रेडशिफ्ट’ सर्वांस उपलब्ध झाले. अशी भांडारे वापरापुरती भाड्याने मिळू लागल्यावर कच्च्या नोंदी आधी साठवाव्यात व त्यांवरील संस्कार भांडारातच करावेत, ही रीत रुळली. २०१६ मध्ये फिलाडेल्फिया येथे उदयास आलेल्या ‘डीबीटी’ या साधनामुळे हे संस्कार विश्लेषकाच्या परिचित भाषेत, म्हणजे एसक्यूएलमध्ये, शिस्तीने लिहिता येऊ लागले. अभियंता व विश्लेषक यांच्यामधील ही मोकळी भूमी ज्याने व्यापली, त्यास नवे नाव मिळाले.

या पदासाठी मागितल्या जाणाऱ्या कौशल्यांचे तीन स्तर कल्पिता येतात. पहिला स्तर साधनांचा : एसक्यूएल, पायथॉन, गिट, डीबीटी. दुसरा पद्धतीचा : कोष्टकांची रचना, तपासण्या व दस्तऐवजीकरण. तिसरा अर्थनिश्चितीचा. जाहिरातींत पहिल्या स्तराची नावे ठळक असतात. परंतु नावीन्य तेथे फारसे नाही. एसक्यूएलचा पाया कॉड यांच्या १९७० मधील संबंधात्मक प्रतिमानात आहे, आणि तिचे आद्य रूप चेंबरलिन व बॉइस यांनी १९७४ मध्ये ‘सीक्वेल’ या नावाने मांडले. कोष्टकरचनेची जी पद्धत आज शिकविली जाते, तिचे विवेचन किम्बल यांच्या १९९६ मधील ग्रंथात आढळते.

खरा प्रश्न तिसऱ्या स्तरावर उद्भवतो. ‘सक्रिय ग्राहक’ ही साधी संज्ञा घ्यावी. प्रचारविभागाच्या दृष्टीने गेल्या तीस दिवसांत संकेतस्थळावर येऊन गेलेला प्रत्येक जण सक्रिय होय. हिशेबविभागाच्या दृष्टीने ज्याने पैसे भरले तोच. माल परत करून पैसे परत घेणारा कोणत्या वर्गात पडतो, याचे उत्तर दोघांपाशीही तयार नसते. त्यामुळे एकाच दिवशी एकाच संस्थेत दोन निरनिराळे आकडे सादर होतात, आणि गणित कोठेही चुकलेले नसते. संज्ञेची व्याख्या सर्वांस मान्य करून घेणे, ती संहितेत बांधणे व तिचा भंग होताच तो उघडकीस येईल अशी तपासणी योजणे, हे या पदाचे मुख्य कार्य. ते जितके गणिताचे, तितकेच अर्थविचाराचे आहे.

वेतनाचा विचार करताना प्रथम एक अडचण येते. अमेरिकन शासनाच्या २०१८ च्या व्यवसाय-वर्गीकरणात ‘डेटा सायंटिस्ट’ यास स्वतंत्र क्रमांक मिळाला. विश्लेषण-अभियंत्यास तसा क्रमांक नाही. म्हणून शेजारच्या व्यवसायांवरून अनुमान करावे लागते. तेथील श्रमसांख्यिकी कार्यालयाच्या मे २०२३ च्या आकड्यांनुसार मध्यक वार्षिक वेतन डेटा सायंटिस्टचे १,०८,०२० डॉलर, माहितीसंग्रहाच्या व्यवस्थापकाचे १,०१,५१० डॉलर आणि त्याच्या रचनाकाराचे १,३४,७०० डॉलर होते. शेवटचे दोघे एकाच प्रकारच्या यंत्रणेवर काम करतात. तरीही त्यांच्या वेतनात ३३,१९० डॉलरांचे अंतर आहे. अनुभवाचा व संस्थेच्या आकाराचा भाग त्यात असेलच. तथापि चालू व्यवस्था राखणाऱ्यापेक्षा तिची रचना ठरविणाऱ्यास बाजार अधिक मोल देतो, हे अनुमान त्यावरून वावगे ठरत नाही.

जाहिरातींतील आकडेही सावधपणे वाचावयास हवेत. कोलोरॅडो राज्यात १ जानेवारी २०२१ पासून आणि कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२३ पासून जाहिरातीत वेतनमर्यादा देणे कायद्याने बंधनकारक झाले. कॅलिफोर्नियाचा नियम पंधरा किंवा अधिक नोकर असलेल्या संस्थांस लागू आहे. परंतु ही मर्यादा देऊ केलेल्या वेतनाची असते, प्रत्यक्ष दिलेल्या वेतनाची नव्हे. शिवाय त्याच पदनामाखाली एके ठिकाणी केवळ अहवाल तयार करावयाचे असतात, तर दुसरीकडे संपूर्ण माहिती-भांडाराची रचना करावयाची असते. म्हणून अशा जाहिरातीतील नामांपेक्षा क्रियापदे अधिक बोलकी ठरतात. ‘तयार करणे’, ‘राखणे’, ‘ठरविणे’, ‘उत्तरदायी असणे’ यांपैकी कोणते क्रियापद योजले आहे, यावरून कामाची व वेतनाची पायरी बरीचशी ओळखता येते.

२०२२ च्या अखेरीपासून संभाषणक्षम संगणकप्रणाली सर्वसामान्यांच्या हाती आल्या, आणि त्या सांगितल्याबरोबर एसक्यूएल लिहून देतात. केवळ भाषेच्या व्याकरणावर अवलंबून असलेल्या कौशल्याचे दुर्मिळपण यामुळे ओसरणे स्वाभाविक आहे. मात्र ‘सक्रिय’ कोणास म्हणावे, हा दोन विभागांतील वाद प्रणाली मिटवीत नाही. ती कोणतीतरी एक व्याख्या गृहीत धरून पुढे जाते. भाषाशास्त्राच्या किंवा तर्कशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यास व्याख्या व संदिग्धता यांचा अभ्यास असतो, तो येथे उपयोगी पडण्याजोगा आहे. पण एसक्यूएल व कोष्टकरचना यांवर प्रभुत्व नसेल, तर त्या अभ्यासाला या बाजारात प्रवेशच मिळत नाही. साधनांचे ज्ञान दार उघडते; वेतनाची पायरी मात्र अर्थनिश्चितीची जबाबदारी कोणी पत्करली, यावर पुष्कळशी ठरते.