भाकरीला किती अँपिअर?

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. नंतर ५२ गावं नव्या जागी वसली. जमिनीच्या हिशेबाने कुणाला २५०, कुणाला ४५०, तर कुणाला ७५० चौरस फुटांचं घर मिळालं. दगडमातीच्या माळवदाखालची चूल गेली, पुढे गॅस आला, आता इंडक्शन येतंय. भिंतीतली वायर अजून घर मिळालं तेव्हाचीच असेल, तर पुढचं जरूर वाचा.

लहान पिनच्या प्लगवर बारीक अक्षरांत ६ अँपिअर छापलेलं असतं. त्याला २३० व्होल्टने गुणा, झाले १३८० वॅट. त्याहून जास्त भार त्याला सोसत नाही. २००० वॅटची शेगडी पूर्ण जोरात पावणेनऊ अँपिअरच्या आसपास ओढते. म्हणून तिला मोठ्या पिनचा, १६ अँपिअरचा प्लग. मधे अडॅप्टर घालून ती टीव्हीच्या बोर्डावर लावू नका, कृपा करून!

प्रवाह दुप्पट झाला की वायरमधली उष्णता चौपट होते. त्यात बोर्डातला स्क्रू सैल असला, तर सगळा ताप त्या एका जागी साठतो. प्लग काळा पडणं, जळका वास येणं ही त्याचीच खूण.

भाकरीचं काय? बिडाचा किंवा लोखंडी तवा इंडक्शनवर झकास तापतो. खापराचा, जर्मनचा, पितळेचा सहसा ढिम्म राहतो. बुडाला लोहचुंबक चिकटला की भांडं पास. भाकरी फुगवायला मात्र आर हवाच, तिथे इंडक्शन हरतं.

सतत फ्यूज उडतो म्हणून कटआउटला जाड तार बांधणारे गावोगाव भेटतात. फ्यूज उडतो तो वायर वाचवायला. जाड तार बांधली की फ्यूज टिकतो आणि भिंतीतली वायर जळते.

तीन पिनांतली वरची पिन लांब का? प्लग लावताना अर्थिंग सगळ्यांत आधी जोडलं जावं आणि काढताना शेवटी सुटावं म्हणून. पण त्या पिनच्या दुसऱ्या टोकाला जमीनही हवी ना! आपली काळी माती ओली असेपर्यंत वीज चांगली मुरवून घेते. एप्रिल-मेमध्ये ती भेगाळते, ओल जाते आणि अर्थिंग कमजोर पडतं. खड्ड्यात मीठ-कोळसा घालतात तो ओल धरून राहावी यासाठीच. उन्हाळ्यात वरून पाणीही ओतावं लागतं. ज्या लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथे हे सोपं नाही. भांडी धुतलेलं पाणी मात्र इथे खुशाल चालतं.

वायरमनला एवढंच सांगा: शेगडीसाठी मेन बोर्डापासून स्वतंत्र लाईन, तांब्याची २.५ चौरस मिलिमीटर वायर, तिला स्वतःची १६ अँपिअरची एमसीबी. आणि घराला ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी. एमसीबी वायरला जपते, आरसीसीबी माणसाला. तिच्यावर 'टी' लिहिलेलं एक बटण असतं, ते महिन्यातून एकदा दाबायचं. खटका खाली पडून लाईट गेली, तर ती शाबूत आहे. नाही गेली, तर त्याच दिवशी वायरमनला बोलवा.