भारतीय अभिरक्षक सेना, कोरियातील

कोरियन युद्धानंतर (१९५०–५३) मायदेशी परतण्यास नकार देणाऱ्या युद्धकैद्यांना ताब्यात ठेवण्यासाठी भारताने पाठविलेले सैन्यदल. ‘कस्टोडियन फोर्स इंडिया’ हे त्याचे अधिकृत नाव.

जिनीव्हा करारानुसार (१९४९) युद्ध थांबताच कैद्यांना विनाविलंब मुक्त करून स्वदेशी पाठविणे बंधनकारक आहे. मात्र कैद्याची परतण्याची इच्छा नसल्यास काय करावे, हे त्यात सांगितलेले नाही. जर्मन सैन्यात लढलेल्या १४६ बाल्टिक सैनिकांना त्यांचा तीव्र विरोध असूनही तटस्थ स्वीडनने जानेवारी १९४६ मध्ये सोव्हिएट रशियाच्या स्वाधीन केले होते. कोरियात चीन व उत्तर कोरिया आपले सर्व कैदी परत मागत होते. संयुक्त राष्ट्रांचा पक्ष सक्तीच्या पाठवणीस तयार नव्हता. या प्रश्नावर शस्त्रसंधीच्या वाटाघाटी वर्षाहून अधिक काळ अडल्या. अखेर भारत, स्वीडन, स्वित्झर्लंड, पोलंड व चेकोस्लोव्हाकिया यांचा तटस्थ राष्ट्र प्रत्यावर्तन आयोग नेमण्याचे १९५३ मध्ये ठरले. त्याचे अध्यक्ष लेफ्टनंट जनरल के. एस. थिमय्या होते, अभिरक्षक सेनेचे प्रमुखपद कोल्हापूरकडील मेजर जनरल शंकरराव थोरात यांच्याकडे होते.

दक्षिण कोरियाच्या विरोधामुळे भारतीय जवानांना इंचॉनहून हेलिकॉप्टरने निर्लष्करी पट्ट्यात उतरविण्यात आले. त्यांच्या तळास ‘हिंदनगर’ हे नाव देण्यात आले. सेनेच्या ताब्यात सु. २२,६०० चिनी व उत्तर कोरियन, तसेच विरुद्ध पक्षाकडील ३५९ कैदी आले. प्रत्येकास त्याच्या देशाच्या प्रतिनिधींनी परतीविषयी समजावून सांगावयाचे व नंतर त्याने निर्णय द्यावयाचा, अशी योजना होती. परंतु छावण्यांतील संघटित गटांची दहशत व दोन्ही पक्षांतील वाद यांमुळे ९० दिवसांच्या मुदतीत मुलाखती मोजकेच दिवस झाल्या. कैद्यांनी मेजर ग्रेवाल यांना ओलीस धरले असता थोरात यांनी स्वतः कुंपणाच्या आत जाऊन त्यांची सुटका घडवून आणली. ऑक्टोबरच्या आरंभी मात्र जवानांना गोळीबार करावा लागून काही कैदी मृत्युमुखी पडले.

चिनी व उत्तर कोरियन कैद्यांपैकी केवळ सु. ६३० जणांनी परतीचा मार्ग स्वीकारला. उरलेल्यांपैकी बहुतेकांना जानेवारी १९५४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पक्षाकडे परत देण्यात आले. कोणत्याच पक्षाकडे जाऊ न इच्छिणारे ८८ कैदी सेनेबरोबर भारतात आले. त्यांपैकी बरेच जण पुढे ब्राझील व अर्जेंटिनात स्थायिक झाले. कैद्यांचे निर्णय कितपत मुक्त होते, याविषयी आयोगातच मतभेद राहिले. तथापि इच्छेविरुद्ध पाठवणी करू नये, हे तत्त्व या कार्यामुळे प्रत्यक्ष व्यवहारात आले.