एनएमपी, एमएएच आणि सळईवरचा तो ‘डी’

सोलापूरहून तुळजापूरला निघालं की वाटेत तामलवाडी लागते. टोलनाक्यामुळे गाडी चालवणाऱ्यांना हे नाव पाठ असतं, आणि कोजागिरीला पायी तुळजापूर गाठणाऱ्या भाविकांनाही. पण याच तामलवाडीत बालाजी अमाइन्स नावाच्या कंपनीचा रसायनांचा कारखाना आहे, आणि त्याचं नातं थेट तुमच्या घरातल्या मोबाइलपर्यंत पोचतं. कसं ते बघूया.

आधी हे अमाइन काय असतं? एक तर तुमच्या नाकाच्या चांगल्या ओळखीचं आहे. शिळ्या मासळीचा तो नकोसा वास येतो ना, तो ट्रायमिथाइल अमाइनचा! नाव भलंमोठं, पण सोडवून बघा. अमोनियात नायट्रोजनचा एक अणू असतो आणि त्याला हायड्रोजनचे तीन अणू चिकटलेले असतात. त्यातल्या एका हायड्रोजनला उठवलं आणि त्याच्या जागी मिथाइल बसवलं, की झालं मोनोमिथाइल अमाइन. (मिथाइल म्हणजे एक कार्बन आणि तीन हायड्रोजन, असा चौघांचा गट.) दोघांना उठवलं की डाय. तिघांनाही उठवलं की ट्राय, आणि नाकाला रुमाल! कारखान्यात मेथॅनॉल आणि अमोनियापासून ही तिन्ही भावंडं एकदमच तयार होतात. मग त्यांना वेगळं करत बसावं लागतं.

यातल्या मोनोपासून पुढे एनएमपी बनतं. कंपनीच्या उत्पादनांत तेही आहे. एनएमपी म्हणजे एन-मिथाइल पायरोलिडोन. पायरोलिडोन हे पाच अणूंचं एक कडं. त्यात चार कार्बन आणि एक नायट्रोजन. आणि पुढचा ‘एन’? तो मिथाइलचा पत्ता आहे. मिथाइल नायट्रोजनवर बसलंय, एवढंच तो सांगतो.

लिथियम बॅटरी बनवताना हे एनएमपी लागतं. बॅटरीच्या धन बाजूला एक काळी पूड असते. तिच्यात थोडा कार्बन आणि एक चिवट गोंद मिसळायचा असतो. पण हा गोंद पाण्यात विरघळत नाही, एनएमपीत विरघळतो. मग शेणकाल्यानं अंगण सारवावं तसा तो काळा लगदा ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यावर एकसारखा पसरतात आणि भट्टीत वाळवतात. एनएमपी उडून जातं, पूड पत्र्याला घट्ट चिकटून राहते. ती वाफ मात्र हवेत सोडत नाहीत. एनएमपी महाग असतं आणि पोटातल्या बाळाला अपायकारकही, म्हणून ते पकडून, थंड करून पुन्हा वापरतात. म्हणजे ज्याच्यावाचून बॅटरी बनायची पंचाईत, ते बनलेल्या बॅटरीत जवळजवळ नसतंच. मला तर यातली हीच गंमत सगळ्यात आवडते.

आता बॅटरीवर छापलेलं बघा: ५००० एमएएच, म्हणजे मिलीअँपिअर-तास. ५०० मिलीअँपिअरनं वापरली तर दहा तास पुरेल, हजारानं वापरली तर पाच तास. या ५००० ला साधारण ३.८ व्होल्टनं गुणा, येतात १९००० मिलीवॅट-तास, म्हणजे १९ वॅट-तास. आणि वीजबिलातलं एक युनिट म्हणजे १००० वॅट-तास. करा भागाकार! एका युनिटमध्ये पन्नासेक मोबाइल चार्ज होतात (थोडी वीज चार्जर तापण्यात जाते, ती सोडून). मग ‘मोबाइल सारखा लावून ठेवतोस म्हणून बिल वाढतं’ असं कुणी म्हणालं, तर हा हिशोब नम्रपणे दाखवा. नम्रपणे, बरं का! आणि ही युनिटं जिथे बनतात, तो सोलापूरचा एनटीपीसीचा वीजप्रकल्प १३२० मेगावॅटचा आहे. तो पूर्ण जोरात तासभर चालला की १३ लाख २० हजार युनिटं तयार.

बॅटरीसारखंच बांधकामाच्या सळईवरही काहीतरी उमटवलेलं असतं: ‘एफई ५०० डी’. एफई ही लोखंडाची रासायनिक खूण. ५०० म्हणजे दर चौरस मिलिमीटरला निदान ५०० न्यूटन, साधारण ५० किलोंचं ओझं, पेलल्याशिवाय ती कायमची ताणली जाणार नाही. बारा एमएमच्या सळईला हा हिशोब लावला तर साडेपाच टनांच्या वर जातो. एक सळई, आणि अख्खा हत्ती!

राहिला डी. तो सळई न तुटता किती ताणली जाते ते सांगतो. नुसत्या ५०० ची सळई तुटण्याआधी निदान १२ टक्के लांबली पाहिजे, असा नियम आहे. ‘डी’वाली १६ टक्के. लांबणारी सळई चांगली कशी, असं वाटेल. पण ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांतली दगडमातीची जाडजूड घरं क्षणात कोसळली. त्या भिंती जड होत्या, पण हादरा बसल्यावर त्यांना वाकता येत नव्हतं. काँक्रीटच्या आतली सळई ताणली जाते, वाकते आणि हादऱ्याचा जोर त्यात खर्च होतो. तुटण्याआधी ती जितकी लांबेल, तितका माणसांना घराबाहेर पडायला वेळ मिळतो.