कॉइल गेली, पण कुठली?

गेल्या पावसाळ्यात वर्सोव्यात, यारी रोडच्या ट्रॅफिकमध्ये माझी गाडी आचके द्यायला लागली. चेक इंजिनचा दिवा लुकलुकत होता. असा दिवा लुकलुकला की गाडी बाजूला घ्याच. न जळलेलं पेट्रोल पुढे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं, आणि तो खर्च कॉइलच्या कितीतरी पट.

गॅरेजवाला म्हणाला, चारही कॉइल बदला. मी आधी ब्लूटूथ स्कॅनर लावला. कोड पी०३०२, म्हणजे दुसऱ्या सिलिंडरमध्ये मिसफायर. पण कोड फक्त सिलिंडर सांगतो, कारण नाही! मग आमचं नेहमीचं डीबगिंग: एका वेळी एकच गोष्ट बदला. इंजिन बंद करून थंड होऊ दिलं (कॉइल १२ व्होल्टचे हजारो व्होल्ट करते, चालू इंजिनात हात घालू नका), दुसरी आणि तिसरी कॉइल अदलाबदल केली, कोड पुसला, चक्कर मारली. आता पी०३०३! म्हणजे कॉइलच गेलेली. कोड जागचा हलला नसता तर स्पार्क प्लग, वायरिंग, इंजेक्टर तपासले असते.

एकच कॉइल घेतली. पण प्लगच्या खाचेत पाणी साचलेलं दिसलं. ते कोरडं केल्याशिवाय नवी बसवली असती, तर तीही गेली असती.