बीपी हाय? दुसरा हातही पुढे करा!

लोअर परळच्या एखाद्या काचेच्या टॉवरमध्ये हेल्थ चेक-अपचा कॅम्प लागलाय. कॉन्फरन्स रूमबाहेर रांग, एचआरचे हसरे चेहरे, कोपऱ्यात ज्यूसचे टेट्रा पॅक. समजा, तुमचं वय सव्वीस. नर्स दंडाला पट्टा गुंडाळते, फुगवते, थांबते, पुन्हा फुगवते. 170/110. ‘टेन्शन घेता का खूप?’ आता दादरहून फास्ट लोकल पकडून टार्गेट गाठणारा कोण माणूस ‘नाही’ म्हणेल? तुम्ही ‘हो’ म्हणता, आणि विषय तिथेच संपतो.

खरं तर तो तिथे सुरू व्हायला हवा. पन्नाशीतल्या काकांचं बीपी वाढलं तर बहुतेक वेळा त्यामागे एकच असं कारण सापडत नाही. वय, वजन, मीठ, घराणं असं सगळं मिळून ते वाढतं. पण तिशीच्या आत, घरात कुणाला नसताना, एवढं बीपी पुन्हा पुन्हा येत असेल तर कारण शोधायचं असतं. अशा कारणांपैकी एक म्हणजे किडनीला रक्त नेणारी धमनी अरुंद होणं.

गिरगावातल्या चाळीत राहिलेल्यांना हे चटकन कळेल. तिसऱ्या मजल्यावरच्या एकाच खोलीचा पाइप आतून बुजलाय. नळाला धार नाही. खोलीवाल्याला वाटतं, सगळ्या चाळीचंच पाणी कमी झालंय. तो खाली ओरडून पंप वाढवायला लावतो. त्याची धार थोडी सुधारते, पण बाकीच्या पाइपांवर भलताच दाब येतो. किडनी नेमकं हेच करते. तिला रक्त कमी पोचलं की ती रेनिन सोडते. त्यातून पुढे तयार होणारी रसायनं शरीरभरच्या रक्तवाहिन्या आवळतात, मीठ आणि पाणी धरून ठेवतात, आणि बीपी चढतं. हॅरी गोल्डब्लॅट या अमेरिकन डॉक्टरने 1934 मध्ये कुत्र्यांच्या किडनीच्या धमनीला चिमटा लावून बीपी वाढतं हे दाखवून दिलं. पट्टा दंडावर असतो, बिघाड कमरेच्या वर पाठीमागे. ऑफिसच्या कॅम्पमध्ये तो दिसणार कसा?

पण धमनी अरुंद होते कशाने? उतारवयात चरबीचे थर, त्यात सिगारेट आणि डायबेटिसची भर. तरुण मुलींमध्ये कधी कधी धमनीची भिंतच वेडीवाकडी वाढते आणि अँजिओग्राफीत ती मण्यांच्या माळेसारखी दिसते. आपल्याकडे मात्र तरुण वयात महत्त्वाचं नाव ताकायासूचं. मिकितो ताकायासू हे जपानी नेत्रतज्ज्ञ. त्यांनी 1908 मध्ये एका तरुणीच्या डोळ्यातल्या विचित्र रक्तवाहिन्यांची नोंद केली. महाधमनी आणि तिच्या फांद्यांना सूज येऊन त्या आतून बारीक होत जाण्याचा हा आजार. जपानमध्ये त्याचा मारा जास्त करून हाताकडे आणि मेंदूकडे जाणाऱ्या धमन्यांवर असतो. भारतात पोटातली महाधमनी आणि किडनीच्या धमन्या जास्त सापडतात. म्हणून इथे तो बीपीचा मुखवटा घालून येतो.

आणि हे ज्यांनी बारकाईने पाहिलं ते तुमच्या ऑफिसपासून टॅक्सीच्या एका छोट्या भाड्यावर होते. परळच्या केईएममध्ये! 1968 मध्ये भारतातलं पहिलं हृदय प्रत्यारोपण करणारे डॉ. पी. के. सेन, डॉ. जी. बी. परुळकर आणि त्यांचे सहकारी या आजाराच्या मागे होते. 1963 मध्ये त्यांनी पोटाजवळची महाधमनी अरुंद होण्यावर ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये लिहिलं, आणि 1973 मध्ये 101 रुग्णांच्या अभ्यासावर अख्खं पुस्तक काढलं. ‘म्युनिसिपालटीचं हॉस्पिटल’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं.

या आजाराची सुरुवात फसवी असते. बारीक ताप, वजन उतरणं, थकवा. ऑफिसात याला आपण ‘बर्न-आउट’ म्हणतो. पुढे हात चटकन दुखायला लागतो, कधी मनगटाची नाडीच लागत नाही. इथे एक धोक्याची गोष्ट. डाव्या हाताची धमनी अरुंद असेल तर त्या हाताचं बीपी 110 दिसेल, आणि त्याच वेळी मेंदू नि हृदय 200 चा दाब सोसत असतील! म्हणून पहिल्या तपासणीत दोन्ही हातांचं बीपी घ्यायला सांगा. दोन्हीत दर वेळी 15-20 चा फरक येत असेल तर डॉक्टरांना तो आकडा दाखवा. डॉक्टर पायाचंही बीपी घेतील, बेंबीच्या आसपास स्टेथोस्कोप ठेवून ‘सूं सूं’ आवाज येतो का ते ऐकतील. एवढ्याला काही हजारांचं पॅकेज लागत नाही. मग रक्त-लघवी, सोनोग्राफीत एक किडनी लहान आहे का ते, डॉपलर, आणि गरज पडली तरच सीटी किंवा एमआर अँजिओग्राफी.

तीन-तीन गोळ्या घेऊनही बीपी हटत नसेल, किंवा रॅमिप्रिल, टेल्मिसार्टनसारखी गोळी सुरू केल्यावर क्रिएटिनिन एकदम वर गेलं, तरी संशय किडनीच्या धमन्यांवर जातो. गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना फोन करा. बाळाचा विचार असेल तर तेही आधीच सांगा, कारण या गोळ्या गरोदरपणात चालत नाहीत.

आता उपचार. माळेसारख्या धमनीत फुगा घालून ती रुंद केली की अनेकींच्या गोळ्या कमी होतात, काहींच्या सुटतातही. ताकायासूमध्ये आधी स्टेरॉइड वगैरे देऊन सूज शांत करायची, मग फुग्याचा विचार. सूज पेटलेली असताना घाई केली तर धमनी पुन्हा आवळते. आणि घरातल्या सत्तरीच्या आजोबांना कुणी किडनीत स्टेंट टाकायला सांगितला तर आधी दोन प्रश्न विचारा. 2009 ची अ‍ॅस्ट्रल आणि 2014 ची कोरल या मोठ्या चाचण्यांमध्ये चरबीने अरुंद झालेल्या धमनीत स्टेंट टाकून, नुसत्या औषधांपेक्षा बहुतेकांना जास्त फायदा झाला नाही. अपवाद आहेत. छातीत अचानक पाणी भरणारे, औषधांना अजिबात दाद न देणारे. आजोबा त्यात बसतात का, हा पहिला प्रश्न. गोळ्या पुरेशा डोसमध्ये देऊन पाहिल्यात का, हा दुसरा.